जर्मन बेकरीचे प्रथमदर्शन

मासिकांच्या व साप्ताहिक पुरवण्यांच्या पानांतून गेल्या काही वर्षांत एक लेखनप्रकार चांगलाच फोफावला आहे. त्याचे बारसे अद्याप कोणी केलेले नाही. सोयीसाठी आम्ही त्यास 'प्रथमदर्शनाचा लेख' म्हणतो. लेखक आपल्या रीतीबाहेरच्या एखाद्या खाद्यगृहात प्रथमच पाऊल टाकतो, तेथे थोडा बावरतो, ज्यांची नावे धड उच्चारता येत नाहीत असे काही जिन्नस मागवतो, ते खातो आणि घरी येऊन त्या भेटीचा वृत्तान्त लिहितो. इराण्याचे हॉटेल, चिनी खाणावळ, मद्राशी उपाहारगृह ही या लेखांची पूर्वीची स्थळे; आता त्यांत 'जर्मन बेकरी'ची भर पडली आहे. पुण्याच्या वस्त्यांतून या नावाच्या पाट्या दिसू लागल्यापासून त्या दारातून प्रथम आत जाणे हा एक छोटासा संस्कारच होऊन बसला आहे. आणि संस्कार झाला की त्याचा लेख व्हावा, हेही ओघानेच आले.

हे लेख वाचनीय असतात हे आम्ही आरंभीच मान्य करतो. त्यांत विनोद असतो, स्वतःची थट्टा करण्याची खिलाडू वृत्ती असते, आणि शेवटी आईच्या हातच्या एखाद्या पदार्थाची आठवण काढून वाचकाचे डोळे किंचित ओले करण्याची हातोटीही असते. इतक्या हलक्या लेखनावर परीक्षणाचा भार कशासाठी घालावा, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, कोणताही समाज परक्याच्या हातचे अन्न कसे खातो आणि खाल्ल्यावर त्याविषयी काय लिहितो, यात त्या समाजाचे जितके अंतरंग उघडे पडते तितके त्याच्या जाहीर व्याख्यानांत पडत नाही. महाराष्ट्रात तर पाव या एका वस्तूवरून माणसे वाळीत पडली आहेत. तेव्हा पावाच्या दुकानात प्रथम जाण्याविषयी मराठी माणूस जे लिहितो ते गंभीरपणे वाचणे हे टीकाकाराचे कर्तव्यच ठरते.

आमचा मुख्य आक्षेप थोडक्यात सांगतो. या लेखांत पाहुणा दिसतो, यजमान दिसत नाही. जीभ दिसते, भट्टी दिसत नाही. लेखकाची धांदल, त्याचा संकोच, काचेच्या कपाटापुढची त्याची घालमेल, दरपत्रक पाहून त्याच्या कपाळावर उमटलेली आठी, या सर्वांचे बारकाईने वर्णन होते. परंतु ज्या पावासाठी एवढा प्रवास केला तो कोणत्या धान्याचा, तो आंबवला कसा, भाजला किती वेळ, कोणी भाजला, याविषयी एक अक्षर नसते. लेख संपतो तेव्हा लेखकाची चांगली ओळख झालेली असते, पण पावाची ओळख आरंभी होती तितकीच राहते.

आता नावापासूनच सुरुवात करू. आमच्या राजूरकडच्या माणसाच्या कानाला 'जर्मन बेकरी' हे नाव प्रथम ऐकताना मोठे चमत्कारिक वाटते. राजूर हे अकोले तालुक्यातील, सह्याद्रीच्या कुशीतले, भंडारदऱ्याच्या वाटेवरचे गाव. तेथील स्वयंपाकघरात 'जर्मन' म्हणजे ॲल्युमिनियम. 'जर्मनचे पातेले', 'जर्मनची परात' असेच बायका म्हणतात. जर्मन सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूची भांडी पूर्वी आली आणि मागाहून आलेल्या स्वस्त, हलक्या धातूने तिचे नाव उचलले, अशी ही शब्दाची वाटचाल आहे. म्हणजे ज्या शब्दाने कोरेगाव पार्कात ऐट सूचित होते, तोच शब्द राजुरात तांब्यापितळेची भांडी न परवडणाऱ्या घराचा वाचक होता.

सुशिक्षित घराण्यांत 'जर्मन' म्हटले की दुसरेच चित्र उभे राही. माक्स म्युल्लरने संपादिलेल्या ऋग्वेदाचा पहिला खंड १८४९ साली निघाला व शेवटचा १८७४ साली. ग्रंथावर त्याने आपले नाव 'मोक्षमूलर' असे संस्कृतात लिहिले, आणि आमच्या शास्त्रीमंडळींनीही ते कौतुकाने उच्चारले. कीलहॉर्न यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ साली गटिंगेनच्या विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली, याचा पुण्यास अभिमान होता. पुढे दोन्ही महायुद्धांत सरकारने हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना पकडून आमच्याच नगरच्या छावणीत ठेवले, तेव्हा जिल्ह्याला जर्मन माणूस बंदिवान म्हणूनही ठाऊक झाला. धातू, पंडित आणि कैदी अशा तीन रूपांनी जर्मन आमच्याकडे येऊन गेला. भटारी म्हणून मात्र तो आला नाही. ज्याच्या हातचा वेद आम्ही आनंदाने स्वीकारला, त्याच्या हातचा पाव स्वीकारण्यास आम्हांस त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. ही विसंगती एखाद्या प्रथमदर्शनाच्या लेखकास सुचली असती, तर त्याचा लेख विनोदाच्या पलीकडे गेला असता.

ही वर्षे का लागली, हे पाहण्यासाठी पावाची मराठीतील कुळकथा थोडी उकलली पाहिजे. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. गोव्यात ख्रिस्ती भटाऱ्यास 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीजच. तेथे यीस्टच्या अभावी माडाची सूर घालून कणीक फुगवण्याची युक्ती निघाली आणि पोई, उंडो, कांकण असे नाना प्रकार त्या भूमीचे होऊन गेले. परंतु घाटावरच्या मराठी मनाने पावाकडे पाहिले ते वेगळ्याच नजरेने. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी पिऊन सबंध गाव बाटले, ही कथा वसईकडे व गोव्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पाव पायांनी मळतात म्हणून तो पाव, ही व्युत्पत्ती तर आजही पुष्कळांच्या तोंडी आहे. व्युत्पत्ती खोटी असली तरी तिच्यातील किळस खरी आहे, आणि ती किळस पावाची नसून पाव करणाऱ्याच्या हातापायांची आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

म्हणूनच सुधारकांनीही पाव उचलला तो खाण्यासाठी नव्हे, प्रतिज्ञेसाठी. मुंबईत १८४९ साली, म्हणजे माक्स म्युल्लरचा पहिला खंड निघाला त्याच साली, परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद न मानण्याची शपथ घेणाऱ्या या गुप्त मंडळीत ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे ही दीक्षेची खूण होती. पुढे सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि १८६० च्या सुमारास सभा मोडली. बाबा पदमनजी हे या सभेत वावरलेले गृहस्थ. त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रामुळे तो काळ आपणांस जवळून पाहता येतो. तीस वर्षांनी हेच नाटक पुण्यात उघड्यावर झाले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहाबिस्किटे आली; न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्या मंडळींत होते. गोपाळराव जोशी यांनी ती नावे वर्तमानपत्रातून फोडली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या पुरुषासही प्रायश्चित्त घ्यावे लागले. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्या दिवसांतला घरातला ताण नोंदवून ठेवला आहे. एवढा वाद झाला, पण वादाचा विषय चहा कोणाच्या हातचा हा होता. चहा कसा होता, बिस्किट खुसखुशीत होते की मऊ पडलेले, हा नव्हता. परीक्षणाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. मराठी लेखनात पावाची व बिस्किटाची पहिली मोठी नोंद झाली ती चवीच्या नोंदवहीत न होता अपराधाच्या नोंदवहीत झाली.

या पार्श्वभूमीवर एक पुस्तक वेगळे उठून दिसते, आणि ते आमच्याच जिल्ह्याच्या मातीत वाढलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ आल्या तेव्हा आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे राखून आल्या, आणि पुढे नगर-राहुरीकडच्या संसारात ते सोवळे हळूहळू गळून पडले. हा एवढा मोठा पालट त्यांनी चुलीच्या, घागरीच्या व ताटाच्या भाषेत सांगितला. तीत डौल नाही, दंभ नाही. परक्या घराकडे वर मान करून पाहणे नाही की खाली पाहणे नाही. समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहणारी ही दृष्टी आमच्या मते खाद्यलेखनाचे पहिले लक्षण होय. आणि नेमकी तीच आजच्या प्रथमदर्शनाच्या लेखांत आढळत नाही.

आजच्या लेखांतील दृष्टीचे तीन प्रकार करता येतील. पहिला बुजऱ्याचा. तो काचेच्या कपाटापुढे लहान होतो. चमचा कोणत्या हाती धरावा याचीच त्याला चिंता, आणि ती चिंता विनोद म्हणून तो आपणांस विकतो. दुसरा स्तुतिपाठकाचा. त्याला सर्वच दिव्य वाटते. बाहेरून आले एवढेच त्याच्या लेखी गुणवत्तेचे प्रमाणपत्र. तिसरा उपहासकाचा. दगडासारखा पाव, औषधासारखा चहा, आणि त्यापरीस आमचा वडापाव काय वाईट, असा त्याचा सूर. पु. ल. देशपांडे यांच्या 'माझे खाद्यजीवन' या लेखाने खाण्याच्या आवडीला मराठी ललितलेखनात मानाचे पान दिले. परंतु त्यामागे पदार्थाची जी भरपूर ओळख होती ती त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी घेतली नाही, हसू तेवढे घेतले. बुजरा, भाट आणि टवाळ हे तिघे एकमेकांचे विरोधी भासतात, पण त्यांचे गोत्र एकच. आपण समोरच्यापेक्षा उंच की ठेंगणे, एवढाच प्रश्न तिघांपुढे आहे. सोवळ्याने शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता. तराजू तोच राहिला, केवळ पारडी बदलली.

येथे कोणी म्हणेल, सामान्य मराठी माणसास भट्टीची ओळख होती कोठे, की त्याने तिच्याविषयी लिहावे? हे खरे नाही. तालुक्याच्या गावी बेकरी होतीच. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरची मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बायका व मुले भट्टीवर जात. पितळी डब्यात किंवा पत्र्याच्या डालड्याच्या डब्यात नानकटाई व बिस्किटे भरून परत येत. डब्यावर नावाची चिठ्ठी, आपला घाणा कधी लागतो याची वाट पाहणे, पत्रे बाहेर येताच पसरणारा तुपाचा व वेलदोड्याचा वास, आणि हिशेबात दोनचार बिस्किटे कमी भरली की होणारी कुरकुर, हे सर्व अनुभवाचे आहे. भट्टीवाला बहुधा मुसलमान असे. ज्या घरांत कांदालसणाचाही विधिनिषेध होता, त्या घरांनीही हा मार्ग काढला: पीठ आपले, तूप आपले, आग तेवढी त्याची. ज्या गोष्टीसाठी मुंबईच्या विद्वानांना गुप्त सभा काढावी लागली, ती गृहिणींनी डबा काखोटीला मारून, कोणतीही शपथ न घेता, उरकून टाकली. मोहल्ल्यातील बेकरीचे खरे प्रथमदर्शन हे होते. पण त्या पाटीवर 'जर्मन' हा शब्द नव्हता, म्हणून त्याचे लेख झाले नाहीत.

आता प्रत्यक्ष जर्मन बेकरीकडे वळू. कोरेगाव पार्कातील या नावाचे प्रसिद्ध दुकान १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. जवळच रजनीशांचा आश्रम १९७४ पासून होता, देशोदेशींची माणसे त्या वस्तीत राहत, आणि त्यांना घरच्यासारखा पाव हवा होता. मालक मराठी, कृती जर्मन आणि गिऱ्हाईक साऱ्या जगाचे, असा तो संसार. पुढे हे नाव एका दुकानाचे राहिले नाही. गोव्याच्या किनाऱ्यापासून मनाली, लेह आणि काठमांडूपर्यंत, जेथे जेथे परदेशी वाटसरू मुक्कामास राहतो तेथे तेथे 'जर्मन बेकरी' ही पाटी उगवली. त्यांतील पुष्कळ ठिकाणी जर्मन माणूस औषधालाही सापडत नाही. तेव्हा 'खरी जर्मन' आणि 'खोटी जर्मन' हा वाद घालण्यात अर्थ नाही. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची हे नावावरून न ठरता वाटीवरून ठरते, तद्वत येथेही पावच पाहिला पाहिजे.

आम्ही पुण्याच्या एका वस्तीतील अशा एका दुकानात प्रथम गेलो तेव्हा कपाटातील गोड पदार्थांकडे आमचे फारसे लक्ष गेले नाही. लक्ष गेले ते एका कोपऱ्यातील काळसर, ठेंगण्या, विटेसारख्या जड पावाकडे. त्याचा काप हातात घेतला आणि आमच्या मनात आले की याचे गोत आम्हांस ठाऊक आहे. रंग तोच, मऊपणाची लालूच न दाखवण्याचा करारीपणा तोच, आणि पहिल्या घासाला रुक्ष वाटून चावता चावता गोड होत जाण्याचा स्वभावही तोच. ही नागलीच्या भाकरीची दूरची बहीण होती.

हे साम्य केवळ भावनेचे नाही. त्या काळ्या पावाचे धान्य म्हणजे राय. आमच्या फोडणीतली राई ती ही नव्हे, गव्हाच्या नात्यातले हे एक तृणधान्य. जेथे गहू नीट येत नाही अशा उत्तर युरोपच्या थंड, रेताड, निकस जमिनीत ते तग धरते. आमच्याकडे जेथे भाताची खाचरे पडत नाहीत अशा डोंगरउतारावर राब भाजून नागली व वरई घेतात. दोन्ही गरिबांची धान्ये. दोन्हींच्या पिठाला गव्हासारखा ओढ धरणारा चिवटपणा नाही. रायच्या पिठाची तर आणखी एक खोड अशी की भाजताना त्यातील पिष्ट विरघळून आतला भाग चिकट लगदा होऊ पाहतो. आंबटपणाने ही खोड आवरते. म्हणून जर्मन भटारी आदल्या पिठाचा आंबलेला गोळा राखून ठेवतो आणि त्याच्या खमिराने नवे पीठ चढवतो. तो आंबटपणा चवीसाठी आहे असे खाणारास वाटते. वस्तुतः त्यावाचून पाव उभाच राहत नाही. आमच्याकडे नागलीचे पीठ उकळत्या पाण्यात भिजवून मळतात; त्या उष्णतेने पिष्ट थोडे शिजते, पीठ एकजीव होते आणि भाकरी थापताना फाटत नाही. अडचण एकच होती. जर्मन भटारखान्याने तिचे उत्तर आंबवणात शोधले, अकोल्याच्या डोंगरातील बाईने आधणात.

वेस्टफालिया प्रांतातील 'पुम्परनिकेल' नावाचा काळा पाव तर निदान सोळा तास मंद आचेवर वाफेत भाजतात. त्याचा काळा रंग त्या दीर्घ भाजणीतून येतो. हा शब्द पावाला लागण्यापूर्वी गावंढळ माणसास हिणवण्यासाठी वापरीत. म्हणजे तेथेही पांढरा पाव थोरामोठ्यांचा आणि काळा पाव कुणब्यांचा, अशी वर्णव्यवस्था होतीच. पुढे काळ फिरला. २०१४ साली जर्मनीने आपल्या पावाच्या परंपरेस राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आमच्याकडे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. नागलीची बिस्किटे शहरांतील दुकानांत चकचकीत वेष्टनात दिसू लागली. अकोले तालुक्यातीलच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जतन केल्याबद्दल पद्मश्री मिळाली, याचा आम्हांस कोण आनंद! परंतु त्याच तालुक्यात एस. टी. स्थानकाबाहेर पाहुणा उतरला तर त्याच्यापुढे पांढरा पाव येतो. नागलीची भाकरी मागण्यास यजमानास आणि देण्यास गृहिणीस अजून संकोच वाटतो. पांढरे ते प्रतिष्ठेचे आणि काळे ते लाजेचे, हा धडा आम्ही चांगला गिरवला आहे. आणि मग तीच लाज टाकलेली काळी वस्तू काचेच्या कपाटात, परदेशी नावाने, चौपट दामाने भेटली की आम्ही तिच्यावर प्रथमदर्शनाचा लेख लिहितो, पण तिला ओळखत नाही. आमच्या मते या लेखनप्रकाराचे खरे अपयश ते हेच.

परीक्षणाची शक्ती आमच्या लोकांत नाही असे मात्र कोणी समजू नये. राजूरचा पेढा नामांकित आहे. भंडारदऱ्याहून परतणारा प्रवासी त्याचा पुडा घेतल्यावाचून सहसा जात नाही. या पेढ्याविषयी गावातील कोणत्याही म्हाताऱ्यास विचारा. खवा आजचा की कालचा, आच कडक लागली की बेताची, साखर खव्याच्या आधी बोलते की मागून, कागदाला तूप सुटते की पीठ चिकटते, हे तो एका चिमटीत सांगेल. तो पेढ्यापुढे बुजत नाही, त्याची आरती करीत नाही आणि त्याची टवाळीही करीत नाही. कारण त्याने दूध आटताना पाहिले आहे. ज्याने करणी पाहिली त्यालाच गुणदोष सांगता येतात. इतरांजवळ फक्त आवडनिवड असते. आमच्या शहरी लेखकांनी जर्मन बेकरीत शिरताना राजूरच्या म्हाताऱ्याची ही चिमूट बरोबर नेली असती, तर मराठीत खाद्यपरीक्षणाची एक चांगली शाखा निर्माण झाली असती.

एक गोष्ट राहिली, आणि तिच्याविषयी हलक्या हाताने लिहिता येत नाही. शनिवार, १३ फेब्रुवारी २०१० रोजी सायंकाळी कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत बाँबस्फोट झाला. सतरा माणसे प्राणास मुकली, कित्येक जखमी झाली. २०१३ साली ते दुकान पुन्हा उघडले. त्या दिवसापासून हे नाव मराठी वाचकास प्रथम बेकरी म्हणून न आठवता घटना म्हणून आठवू लागले, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्यानंतरच्या पुष्कळ लेखांत एक खटकणारी सवय आली. लेखक आत शिरताच त्या संध्याकाळचा उल्लेख करतो, अंगावर काटा आल्याचे सांगतो, आणि पुढच्याच वाक्यात मेवामिठाईकडे वळतो. मृतांचा असा तोंडी लावण्यासारखा उपयोग करणे आम्हांस अप्रशस्त वाटते. त्या संध्याकाळी तेथे बसलेली माणसे काय करीत होती, याचा क्षणभर विचार केला तरी लेखाला वेगळी दिशा मिळेल. ती माणसे भिन्न भाषांची, भिन्न देशांची, एकमेकांस बहुधा अपरिचित अशी होती, आणि शेजारी शेजारी बसून खात होती. ज्यांनी त्यांना वाढले तेही तेथेच होते. आमच्या पूर्वजांच्या पंगतीत शेजारी कोण बसेल हे आधी ठरलेले असे, आणि ते चुकले तर ग्रामण्य होई. जेथे शेजाऱ्यास त्याची जात, गाव, धर्म न विचारता बसता येते ती जागा मिळवण्यासाठी परमहंस सभेने दारे लावून पाव खाल्ला होता. ती जागा वस्तीच्या एका कोपऱ्यावर, चहापावाच्या निमित्ताने, दारे उघडी ठेवून निर्माण झाली होती. घाव पडला तो त्या उघड्या दारांवर. बेकरीचे मोठेपण तिच्या जर्मन असण्यात नसून या उघडेपणात आहे, हे ज्यास दिसले नाही त्याने प्रथमदर्शन घेतले असे आम्ही म्हणणार नाही.

आमचे मागणे फार नाही. लेखकाने जरूर बुजावे, जरूर हसावे; माणूस नव्या दारात बुजतोच. पण त्यानंतर त्याने कपाटापलीकडे नजर टाकावी. हे धान्य कोणत्या जमिनीतले, ते कोणी मळले, तो माणूस कोठून आला, पहाटे किती वाजता भट्टी पेटते, हे विचारावे. बाजूच्या मेजावर कोण बसले आहे ते पाहावे. मग त्यास पाव आवडला नाही तरी हरकत नाही. 'आंबट जास्त झाला', 'आतून कच्चा राहिला', 'कालचा होता' असे त्याने खुशाल लिहावे. असे कारणासह दिलेले दूषण आम्हांस निराधार स्तुतीपेक्षा अधिक आदराचे वाटते, कारण त्यात भटाऱ्याला कारागीर मानलेले असते.

उद्या एखादा जर्मन भटारी वाट चुकून राजुरात आला आणि एखाद्या घरी चुलीपुढे बसला, तर तो काय करील याची आम्ही कधी कधी कल्पना करतो. तो भाकरीपुढे बुजणार नाही आणि तिची आरतीही करणार नाही. तो नागलीचे पीठ चिमटीत घेऊन चोळून पाहील, पाण्याला आधण कितपत आले होते ते विचारील, तव्यावरून निखाऱ्यावर भाकरी टाकताना ती का फुगते हे वाकून बघेल, आणि भाजणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहत राहील. खाऊन झाल्यावर तो जे बोलेल ते तिला समजेल, कारण ते भाजण्याविषयी असेल. मराठी लेखकाने त्याच्या दुकानात जाऊन त्याला इतकेच परत करावे.